तिसरी फळी

सोमवारी उजाडता उजाडता शेवंताबाई शेतावर गेली तेव्हा भात पाण्यात उभं होतं. पाऊस जाऊन दहा दिवस झाले होते, तरी खाचरात घोटाभर पाणी असायचंच. दाणा भरायच्या दिवसांत ते लागतंही. पण हे पाणी गुडघ्याला लागत होतं, आणि त्याच्यावर खारफुटीची पिवळी पानं तरंगत होती. तिने वाकून बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि तिथेच थुंकली.

खारं होतं.

बांधाकडून कोणीतरी ओरडत होतं, "खांड गेली! उघाडीपाशी खांड गेली!" तिने लुगडं वर खोचलं आणि पाण्यातूनच पळत निघाली.

धाकटी खार या गावाचं सगळं शेत खाडीतून काढलेलं. मातीचा लांबलचक बांध खाडीला अडवतो, आणि बांधातल्या दगडी उघाडीतून आतलं पाणी ओहोटीला बाहेर पडतं. उघाडीचा लोखंडी दरवाजा तीन वर्षांपूर्वी गंजून पडला. तेव्हापासून भरती चढायच्या आधी दगडांच्या खाचांत डांबर लावलेल्या सागाच्या तीन फळ्या एकावर एक सोडायच्या आणि पाणी उतरलं की काढायच्या, हे काम गाव पाळीने करत आलं होतं. या आठवड्याची पाळी वामनची, म्हणजे शेवंताबाईच्या नवऱ्याची होती.

उघाडीचा एका बाजूचा दगडी खांब आडवा झाला होता आणि त्याच्या शेजारी बांधाला बैलगाडी जाईल एवढी खांड पडली होती. ओहोटी लागली होती. शेतातलं पाणी माती घेऊन त्या खिंडारातून खळखळ बाहेर चाललं होतं. वीस-पंचवीस माणसं बांधावर नुसती उभी होती. अख्तरुन्निसा काठाला उकिडवी बसली होती. तिचं शेत उघाडीला लागूनच. तिथलं भात उभंही नव्हतं, चिखलात झोपलं होतं.

"काल फल्या कोनी टाकल्या?" अरविंदने विचारलं. अरविंद बांध कमिटीचा अध्यक्ष, वामनच्या चुलतभावाचा मुलगा.

वामन काठी टेकत मागून येत होता. त्याचा उजवा गुडघा चार दिवस सुजलेला होता.

"मी," तो म्हणाला.

शेवंताबाईने त्याच्याकडे पाहिलं. रविवारी वामन घरातून हललाही नव्हता. फळ्या तिनेच टाकल्या होत्या. तिने तोंड उघडलं, पण तेवढ्यात अरविंद म्हणाला, "मंग झालं तर. फल्या जाग्यावर होत्या. गोदामवाल्या कंपनीनं वरचा नाला भराव टाकून बुजवला, सगला जोर आपल्या उघाडीवर आला. तहसीलला भरपाईचा अर्ज देऊ. पंचनामा होऊ दे." आणि लोक एकदम बोलायला लागले.

घरी आल्यावर ती ओटीवर बसली. पाय चिखलाचे तसेच होते.

"तुमी कशाला म्हनलात?"

"मंग काय सांगू? बाई गेलेली म्हनून?" वामन भिंतीला टेकून गुडघा चोळत होता. "येशूच्या मीटिंगची घाई होती, तशाच टाकून गेली, हेच म्हनले असते सगले." मग त्याने विचारलं, "तिन्ही फल्या टाकल्यास नं?"

"टाकल्या."

असं ती म्हणाली खरी, पण म्हणताना तिला तिसरी फळी आठवली.

रविवारी साडेचारला ती उघाडीवर गेली होती. अंगावर चांगली साडी होती, कारण तिथूनच उरणला प्रार्थनेला जायचं होतं. पहिली फळी सोडली. ती तळाला बसल्याचा ठोका आला. दुसरी सोडली. तिसरी फुगलेली होती, खाचेत तिरकी अडकली. तिने चप्पल काढून पायाने दाबली. इथपर्यंत सगळं स्वच्छ आठवत होतं. पुढे नाक्यावर रिक्षाने हॉर्न दिला. पुढे ती पायाचा चिखल गवताला पुसत होती. या दोहोंच्या मध्ये तिसरी फळी खाली बसली का? ठोका आला का? आला असं वाटायचं. मग वाटायचं, तो गेल्या पाळीचा ठोका असेल. भाद्रपदातही तिनेच टाकल्या होत्या, तेव्हाही फळी अशीच अडकली होती.

सहा वर्षांपूर्वी त्यांचा मुलगा हितेश जासईच्या रस्त्यावर ट्रेलरखाली गेला. तेव्हा गाव आलं, रडलं आणि तेराव्यानंतर आपापल्या कामाला लागलं. उरणच्या दोन बायका मात्र महिनाभर येत राहिल्या. येशूबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत. भांडी घासायच्या, सून रंजिताच्या तान्ह्या पोरीला आंघोळ घालायच्या, बसायच्या. शेवंताबाई त्यांच्यामागे एकदा प्रार्थनेला गेली आणि मग जातच राहिली. वामन गेला नाही आणि त्याने अडवलंही नाही. गावात तिला 'येशूवाली' म्हणायला लागले. हळदीकुंकवाचं बोलावणं बंद झालं. देवीची पालखी तिच्या दारापुढून न थांबता पुढे जायची. तिला सवय झाली होती. एक गोष्ट मात्र गाव मान्य करायचं, ही बाई खोटं बोलत नाही. दुधात पाणी घातलं तर घातलं म्हणून सांगते.

मंगळवार-बुधवार सगळं गाव बांधावर होतं. ओहोटीच्या पाच-सहा तासांतच काम करता यायचं. पुरुष खाडीतला चिकट गाळ कुदळीने तोडून द्यायचे, बायका घमेली वाहायच्या, आणि भरतीच्या आधी सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून खिंडारात रचायच्या. दुपारच्या भरतीने त्यातल्या अर्ध्या गोण्या वाहून जायच्या. शेवंताबाई कोणाहूनही जास्त घमेली वाहत होती. तळहाताची साल निघाली, त्यात खारं पाणी गेलं, तरी ती बसली नाही. अख्तरुन्निसा तिच्या मागोमाग यायची.

"दम खा की जरा," अख्तरुन्निसा म्हणाली. "तुझं तर अर्धं वाचलंय. तुझा वरचा तुकडा कोरडा हाय."

शेवंताबाईने घमेलं ओतलं आणि परत फिरली.

मंगळवारी दुपारी भरती लागल्यावर अरविंदने तिला बोलावलं. समाजमंदिराच्या ओट्यावर पाच-सहा जण बसले होते. एक प्लास्टिकची खुर्ची रिकामी होती. "बस काकी," अरविंद म्हणाला. सहा वर्षांत त्या ओट्यावर तिला कोणी बस म्हटलं नव्हतं. लुगड्याचा चिखल खुर्चीला लागेल म्हणून ती कडेवर बसली. कोणीतरी चहा दिला, कपबशीतून.

"गुरुवारी पंचनामा हाय. तलाठी येनार, कंपनीचा पन मानूस येनार. ते म्हननार, फल्याच नव्हत्या. वामनकाकाचं कोन ऐकेल? पाळी त्यांची, ते सांगनारच टाकल्या म्हनून. पन तू सांगितलंस तर ते खरं. तुला तिकडचे कंपनीतले लोक पन ओळखतात, रंजिता तिकडंच कामाला हाय नं."

"काय सांगायचं?"

"वामनकाकानं तिन्ही फल्या टाकल्या, मी डोल्यानं बघितलं. बस. एवढंच."

तिने चहा बशीत ओतला.

"अरविंद, वरचा नाला बुजवला ते तर खरंच हाय नं?"

"खरंच! खोटं कोन सांगतंय?"

"मंग तेवढंच सांगू की."

"फल्या नव्हत्या म्हटलं की नाल्याला कोन विचारतं, काकी? शंभर एकर भात गेलंय. लोकांच्या तोंडातला घास हाय."

ती उठली. "बघते," म्हणाली. मागे खुर्चीवर चिखलाचा डाग राहिला होता. तिने पदराने पुसला.

संध्याकाळी उरणची प्रार्थना घेणारे पास्टर आढाव कामोठ्याहून स्कूटरवर आले. मूळचे नगरकडचे, चाळिशीचे, फार हळू बोलणारे. शेत गेलं हे कळल्यावर ते तांदळाची पिशवी घेऊन आले होते. वामन त्यांना नमस्कार करून काठी घेऊन बाहेर निघून गेला. शेवंताबाईने त्यांना सगळं सांगितलं, फळीचं, वामनचं, खुर्चीचं.

"सिस्टर, तुम्हाला माहीत आहे मी काय सांगणार," ते म्हणाले. "देवासमोर आणि माणसांसमोर आपला विवेक शुद्ध ठेवायचा. खरं बोलायचं."

"खरं काय ते सांगा नं मला. मला तेच ठाऊक नाय. टाकल्या म्हटलं तर खोटं होईल, नाय टाकल्या म्हटलं तरी खोटं होईल."

पास्टरांनी तांदळाची पिशवी भिंतीशी सरकवली. मग म्हणाले, "प्रार्थना करा. प्रभू दाखवील."

"दोन दिवस करते. प्रार्थनेत पन ठोकाच ऐकू येतो. कवा एक येतो, कवा तीन येतात." तिचा आवाज चढला. "आनि नवरा खोटं बोलला तो माझ्यासाठी. तेला मी गावापुढं खोटा पाडू? ते पाप नाय? अख्तरच्या घरात चार तोंडं हायत. कंपनीनं नाला बुजवला ते खरं असून माझ्या तोंडानं बुडलं, तर ते पाप कोनाचं?"

पास्टरांनी चष्मा काढून पुसला. तिला त्यांची दया आली.

"ज्याची खात्री नाही ते खात्रीने सांगू नका," शेवटी ते म्हणाले. "मला एवढंच कळतं, सिस्टर."

बुधवारी काम लवकर थांबलं. शेवंताबाई एकटीच उघाडीच्या आतल्या बाजूला उतरली. तिच्या मनात आलं होतं, फळ्या बघाव्यात. खाचेत मोडलेली फळी सापडली तर ती जागेवर होती. धड सापडली तर बसलीच नव्हती, नुसती तरंगून निघाली. दोन फळ्या पडलेल्या खांबाखाली चेंगरून तुटलेल्या दिसल्या. तिसरी नव्हती. ती गाळात मांडीपर्यंत रुतत खारफुटीच्या मुळांतून फिरली. अंधारायच्या आधी हात हलवत घरी आली.

परसात चुलीवर आंघोळीचं पाणी तापत होतं. वामन पुढे बसून लाकूड सारत होता. धुराला डांबराचा वास होता. गावात डांबर लावलेलं लाकूड एकाच ठिकाणी होतं, उघाडीवर.

ती उभीच राहिली. चुलीत फळीचे चार तुकडे होते, टोकांना कुऱ्हाडीचे ताजे घाव.

"ही कुठली फली?"

"पानी तापलंय. आंघोळ कर. अंग बघ कसं झालंय तुझं."

"धड होती का मोडलेली?"

वामनने तिच्याकडे पाहिलं नाही. "लाकूड होतं," म्हणाला. "भिजलेलं लाकूड होतं. जळतंय बघ कसं."

"अहो, सांगा नं. धड होती?"

तो काठीवर जोर देऊन उठला आणि तिच्या समोर आला. "शेवंता, पोरगा गेला तवा तू महिनाभर बोलली नव्हतीस. आता गावानं तुला दगड मारलेले मला बघायचे नायत. तू उद्या कायपन सांग नाय तर गप बस. पन मला इचारू नको."

ती न्हाणीत गेली. त्याच पाण्याने तिने आंघोळ केली. पाणी चांगलं कडकडीत होतं, आणि अंग शेकून निघालं याचं तिला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचा तिला राग आला.

गुरुवारी अकराला तलाठी आले, त्यांच्याबरोबर तहसीलचा एक कारकून, आणि कंपनीचा एक तरुण साहेब, स्वच्छ बुटांचा. बांधावर सतरंजी अंथरली होती. तलाठ्यांनी नाल्यावरचा भराव पाहिला, फोटो काढले, खिंडार मोजलं. मग वामनचा जबाब घेतला. वामनने तीन फळ्या टाकल्या म्हणून सांगितलं. कंपनीचा साहेब हसला. "प्रत्यक्ष कोणी बघितलं?"

"ह्या बघा, काकी," अरविंद म्हणाला. "तालुक्यात इचारा कोनाला पन. ही बाई खोटं बोलत नाय."

सगळे तिच्याकडे वळले. अख्तरुन्निसाने डोक्यावरची ओढणी सारखी केली. शेवंताबाईला वाटलं होतं की बोलायच्या क्षणाला आपोआप काहीतरी कळेल. काही कळलं नाही. ऊन होतं, कुजलेल्या भाताचा वास होता.

"फल्या ह्यांनी नाय टाकल्या," ती म्हणाली. "ह्यांचा गुडघा सुजला होता. मी टाकल्या."

वामनने मान खाली घातली.

"तिन्ही?" तलाठ्यांनी विचारलं.

"दोन टाकल्या ते पक्कं. तिसरी अडकली होती. पायानं दाबली. बसली का नाय, ते आठवत नाय."

"काकी!" अरविंद ओरडला.

"नाला तेनी बुजवला," तिने कंपनीच्या साहेबाकडे बोट केलं, "ते माझ्या डोल्यानं बघितलं. चैत्रात बुजवला. पावसालाभर पानी आमच्याकडं येत होतं. ते पन लिवा."

"बाई, मी काय लिहू?" तलाठी वैतागले. "टाकली लिहू की नाही टाकली लिहू? आठवत नाही म्हणजे काय?"

"आठवत नाय म्हंजे आठवत नाय."

"तसंच लिहा," कंपनीचा साहेब म्हणाला. "शब्दाला शब्द लिहा, प्लीज."

तलाठ्यांनी लिहिलं आणि तिचा अंगठा घ्यायला पॅड पुढे केलं. "सही येते मला," ती म्हणाली. प्रार्थनेला जायला लागल्यावर वाचायला शिकली होती. सगळे बघत असताना तिने एकेक अक्षर काढत सही केली. फार वेळ लागला.

माणसं निघाली. अख्तरुन्निसा तेवढी जवळ आली.

"तुला तुझं मन धुवायचं होतं," ती म्हणाली. "आमच्या शेतातल्या पान्यानं धुतलंस."

शेवंताबाईला वाटलं होतं, निदान छातीवरचं ओझं उतरेल. ते उतरलं नाही, फक्त जागा बदलून बसलं. घरी जाताना वामन पुढे होता, काठी टेकत, आणि ती चार पावलं मागे. घराशी आल्यावर तो म्हणाला, "भूक लागलीय." तिने भाकरी केल्या. दोघं जेवली. त्या दिवसानंतर वामन नाक्यावर बसायला गेला नाही. चहा घरीच मागायचा.

अर्जाचं काम अडकलं. 'चौकशीअंती ठरवू' असं तहसीलातून कळलं. अरविंद बेलापूरच्या वरच्या कार्यालयात खेपा घालू लागला.

दहा-बारा दिवसांनी रंजिता संध्याकाळी कामावरून आली ती पर्स न ठेवताच स्वयंपाकघरात आली. हितेश गेल्यावर ती माहेरी गेली नव्हती. कंपनीच्याच गोदामात ठेकेदाराकडून खोक्यांना लेबलं लावायची. दर सहा महिन्यांनी ब्रेक मिळायचा, तेव्हा महिनाभर घरी बसायची.

"आई, मला पर्मनंट केलं."

शेवंताबाई मासे साफ करत होती. विळीवरचा हात थांबला.

"कोनी?"

"एचआरच्या मॅडमनी. मी चार वर्षं फॉर्म भरतेय, कधी कोणी बघितलं पण नाही. आज बोलावून लेटर दिलं." रंजिताचा चेहरा हसरा होता आणि घाबरलेलाही. "मॅडम म्हणाल्या, तुझ्या सासूबाई फार प्रामाणिक आहेत."

बाहेर वामन खोकला. तो ऐकत होता.

"तुला काय वाटतं?" शेवंताबाईने विचारलं.

"मला काय वाटणार? पोरीला शाळेत घालायचीय. पीएफ आहे, मेडिकल आहे." मग तिचा आवाज बदलला. "गावात काय बोलतील ते मला माहितीये. नाक्यावर आत्ताच एकजण बोलला. पण आई, तुमचं मन साफ ठेवायला मी घरी बसू का?"

शेवंताबाईने माशाच्या आतड्यांकडे पाहिलं. ती बोलली होती तेव्हा तिला हे ठाऊक नव्हतं. मग हे तिचं कसं? पण गेलेलं भात तिचं असेल तर हेही तिचंच असायला हवं. एक घ्यायचं आणि दुसरं नाही, असं कसं चालेल? की दोन्ही तिची नव्हती? तिने डोळे मिटले. प्रार्थना सुचली नाही.

"नको बसू," ती म्हणाली. "जा. तू कुठं काय बोललीस."

सकाळी कंपनीची बस बांधाच्या रस्त्यावर यायची. रोज रंजिता एकटी जायची. त्या दिवशी शेवंताबाई तिच्याबरोबर निघाली. रस्त्याला लागून अख्तरुन्निसाचं शेत. खाऱ्या पाण्याने काळवंडलेला पेंढा ती एकटीच कापत होती, निदान पुढच्या वर्षी जमीन मोकळी राहावी म्हणून. बस आली. रंजिता चढली, खिडकीतून हात करावा की करू नये असं होऊन तिने हात मांडीवरच ठेवला. बस गेली.

शेवंताबाई रस्त्यावरून शेतात उतरली. कमरेला विळा होता. अख्तरुन्निसाच्या शेजारची ओळ धरून ती कापू लागली. पेंढा कुजून नरम झालेला, विळ्याला लागण्याआधीच मोडत होता.

"पोरगी पर्मनंट झाली म्हनं," अख्तरुन्निसा म्हणाली.

"हां."

"तेच्यासाठी बोललीस?"

"नाय."

अख्तरुन्निसा उभी राहिली. कमरेवर हात ठेवून तिने शेवंताबाईकडे नीट पाहिलं, वरपासून खालपर्यंत, बाजारात मासळी बघावी तसं.

"मला खरं वाटतं," ती म्हणाली. "तू नाय म्हनलीस म्हंजे नायच. तेचाच तर राग येतो मला. तू खोटी असतीस तर दोन शिव्या घालून मोकली झाले असते."

शेवंताबाईने कापलेली मूठ खाली ठेवली. माफ कर म्हणावं, तर कशाबद्दल ते सांगावं लागलं असतं.

"मी उद्या पन येते," ती म्हणाली.

"ये नाय तर नको येऊ," अख्तरुन्निसा म्हणाली आणि पुन्हा वाकली. दोनचार मुठी कापून झाल्यावर तिने मान न उचलताच सांगितलं, "मुलापासून काप. वर कापलंस तर खुंट पायाला लागतात."

शेवंताबाई आणखी खाली वाकली आणि तिने मुळापासून कापायला सुरुवात केली.